पी.पी. नंबर

दुपारी तीनचा फोन मावशीचा, पुण्याहून. आईला मोबाइल आवडत नाही. तो कानाला कुठे संपतो आणि तोंडाशी कुठे सुरू होतो तेच कळत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये अजून लँडलाइन आहे, आणि तिच्याखाली आईनेच विणलेला क्रोशाचा रुमालही.

परवा आईने फोन उचलला, चार वेळा हॅलो म्हणाली, रिसीव्हर हातात तसाच धरून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "हिचं नेहमीचंच. फोन लावायचा आणि टीव्ही बघत बसायचं. सुनेला कंटाळली की मी आठवते." मग ठेवला. मिनिटभरात माझा मोबाइल वाजला. मावशी. तिला सगळं ऐकू गेलं होतं. तिचं मात्र इकडे काहीच पोचत नव्हतं.

लँडलाइन ही आता म्हणायलाच लँडलाइन. तांब्याची तार कधीच गेली. भिंतीतून फायबर येते, ती मोडेममध्ये शिरते. मोडेमची रेंज आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून आम्ही त्याच्यामागे आपला एक राउटर लावलेला. राउटरच्या मागे साबणाच्या वडीएवढा अडॅप्टर आणि त्यात आईच्या फोनची पिन. अडॅप्टरवर चार दिवे, चारही हिरवे. रिसीव्हर उचलला की टोन अगदी खणखणीत. आमच्या पिढीचा विश्वास असा, की टोन आला म्हणजे लाइन चालू. पण आता तो टोन एक्स्चेंजमधून येतच नाही. ही साबणाची वडीच तो वाजवते. आपल्या समाधानासाठी, बहुतेक. पूर्वी लाईट गेली तरी फोन चालायचा, कारण एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून तारेतून ४८ व्होल्ट यायचे. २००८च्या पुरात लाईट नसताना याच मावशीचा फोन आला होता : "दुतोंड्या मारुती कुठपर्यंत बुडाला गं?" (गोदावरीतली ही मूर्ती किती बुडाली, यावरून आमच्याकडे पूर मोजतात.) आता लाईट गेली की आधी फोन मरतो, मग पंखा.

बंगळूरच्या भाच्याला फोन लावला. (हो, मोबाइलवरून.)

"आत्या, सगळं बंद कर. आधी मोडेम चालू कर, मग राउटर, मग तो डबा. मध्ये दोन दोन मिनिटं थांब."

पूजेत आधी कलश की आधी गणपती हे विचारून करावं तसं मी ते मनोभावे केलं. फरक शून्य. फोनच्या पोटाखालची पल्स-टोनची खिटीही बघितली. ती नको तिकडे सरकली की ही नवी खोकी आकडे ओळखत नाहीत, एवढं मला मागच्या खेपेच्या अनुभवातून ठाऊक होतं. पण इथे प्रश्न आकड्यांचा नव्हता, आवाजाचा होता, तोही एकाच बाजूच्या.

मग भाच्याने समजावलं. फोन जुळताना आपला डबा पलीकडे निरोप धाडतो, की आवाज या पत्त्यावर पाठवा. आणि पत्ता देतो १९२.१६८ ने सुरू होणारा. हा पत्ता फक्त घराच्या आतला, राउटरने वाटलेला. असे पत्ते गावातल्या घराघरांत आहेत. बाहेरच्याला तो काय उपयोगाचा? आईचा आवाज बाहेर जातो, कारण आतून बाहेर जायला आडकाठी नसते. मावशीचा मात्र पत्ता शोधत कुठेतरी विरून जातो.

"म्हणजे पाकिटावर नुसतं 'माडीवर, जिन्याच्या उजवीकडे' लिहिल्यासारखं," मी म्हटलं.

"तसंच. आणि तुमचा मोडेमही राउटरच, म्हणजे तुमच्याकडे तर दोन, एकात एक."

त्याने मग राउटरच्या पानावर नेऊन 'सिप एएलजी' नावाची एक खूण काढायला लावली. ही सोय म्हणे मदतीसाठी असते. राउटर जाता जाता ते पाकीट उघडतो आणि आतला पत्ता आपल्या परीने दुरुस्त करतो. पुष्कळदा घोळ होतो तो तिथेच. अशी एक बाई प्रत्येक वाड्यात असते. शेवटी अडॅप्टर राउटरमधून काढून सरळ मोडेमला जोडला. भाच्याने बंगळूरहून लँडलाइनवर फोन केला, आई म्हणाली, "अगं बाई, किती स्वच्छ!" यातल्या कशाने झालं ते त्यालाही नक्की सांगता येईना.

पण मी अडकले होते पंचवटीतल्या आमच्या वाड्यात. नऊ बिऱ्हाडं आणि फोन एक, मालकांकडे. काळा, डायलला चिमुकलं कुलूप लावलेला. (मालकांचा पुतण्या कुलूप असतानाही नुसता हुक टिचकावून नंबर लावायचा. सातासाठी सात टिचक्या. शून्याला दहा, म्हणून शून्यवाल्या नंबरांचा त्याला राग.) नऊही घरांनी आपापल्या पत्रांत तोच नंबर दिलेला, पुढे पी.पी. लिहून. बाहेरच्या जगाला वाड्याचा एकच नंबर माहीत. आत कुणाचा फोन कुणाकडे न्यायचा हे काम चौकात खेळणाऱ्या पोरांचं. म्हणजे बरेचदा माझं. "पळ गं, माडीवरच्या काकूंना बोलाव!" की मी पळायची.

माडीवरच्या काकूंचा मुलगा मुंबईला. महिन्यातून एका रविवारी त्याचा ट्रंक कॉल यायचा, तीन मिनिटांचा. त्या दिवशी काकू सकाळपासून इस्त्रीचं पातळ नेसून असायच्या, जसा काही तो फोनमधून बघणार होता.

एका रविवारी मालकीणबाईंनी हाक मारली तेव्हा आमचे सागरगोटे ऐन रंगात आले होते. माझी पाळी. जिन्याच्या अठरा पायऱ्या. मी दोन पायऱ्या चढले, उतरले आणि सांगितलं, "कुलूप आहे." मालकीणबाईंनी फोनमध्ये तेच सांगितलं.

संध्याकाळी काकू खाली आल्या. त्याच पातळात. "फोन नाही ना गं आला माझा?" मालकीणबाई देवळात गेल्या होत्या. मी म्हटलं, "नाही."

पुढच्या महिन्यात त्याचा फोन आला, मी धावत जाऊन बोलावलंही. वाईट काही झालं नाही. काकू मला नंतरही रव्याचा लाडू द्यायच्या.

आज तीन वाजून गेलेत. अडॅप्टरचे चारही दिवे हिरवे आहेत. मध्येच उचलून टोन बघितला, आहे. आई आताच उठली आणि चष्मा शोधता शोधता म्हणाली, "मी झोपले होते तेव्हा फोन आला होता का गं तिचा?"

"नाही," मी म्हटलं. आणि खरंच नव्हता आला.