स्टोअर ब्रँड: स्वस्ताई नेमकी येते कुठून आणि बिनसतं कुठे

डिस्काउंट दुकानातला स्टोअर ब्रँड (दुकानाने कारखान्याकडून बनवून घेऊन स्वतःच्या नावाने विकलेला माल) नामांकित ब्रँडपेक्षा स्वस्त का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: जाहिरातीचा खर्च वाचतो. ते खरं, पण अर्धंच. जाहिरात तर मोठ्या सुपरमार्केटच्या स्वतःच्या ब्रँडचीही फारशी होत नाही, तरी आल्डी किंवा लिडल या जर्मन डिस्काउंट साखळ्यांच्या भावाला उतरताना त्यांना घाम फुटतो. खरी मेख आहे वेगवेगळ्या वस्तूंच्या संख्येत. मोठ्या सुपरमार्केटमध्ये ३०,००० च्या आसपास वेगवेगळ्या वस्तू असतात. आल्डीच्या दुकानात साधारण दीड ते दोन हजार. केचपच्या पंधरा प्रकारांऐवजी एक-दोनच ठेवले की सगळी विक्री तिथेच एकवटते आणि एकाच कारखान्याला भलीमोठी ऑर्डर जाते.

आल्डी उभी करणाऱ्या कार्ल आणि थिओ आल्ब्रेख्ट या भावांनी एसेनमधलं आईचं दुकान हाती घेतलं तेव्हा युद्धानंतरच्या जर्मनीत मालही कमी होता आणि भांडवलही. नंतर दोन्ही हाती आलं, पण मोजकाच माल ठेवायचं धोरण त्यांनी मुद्दाम सोडलं नाही. (सिगारेट विकायच्या की नाही यावरून दोघांचं फाटलं आणि कंपनीच्या उत्तर व दक्षिण अशा वाटण्या झाल्या, पण धोरण दोन्हीकडे तेच राहिलं.)

कारखान्याला यात काय मिळतं? एका चवीवरून दुसऱ्या चवीवर जायचं तर लाइन थांबवून धुवावी लागते, पाकिटाच्या छापील प्लॅस्टिकचा, म्हणजे फिल्मचा, रोल बदलावा लागतो, वजनकाटा पुन्हा लावावा लागतो. यात काही तास जातात आणि तेवढ्या वेळात एकही पाकीट बाहेर पडत नाही. एकच माल आठवडाभर सलग चालला तर हा वेळ वाचतो. शिवाय स्वतःच्या ब्रँडसाठी दोन पाळ्या चालवणाऱ्याला तिसरी पाळी रिकामी ठेवण्यापेक्षा कमी भावात का होईना, भरलेली बरी वाटते. इमारतीचा आणि यंत्रांचा खर्च आधीच्या दोन पाळ्यांनी उचललेला असतो. गोची होते ती हे काम निम्म्या क्षमतेच्या वर गेलं की. मग भाव दुकानदार ठरवतो, आणि एक ऑर्डर हातची गेली तर कारखाना बसतो.

दुकानाच्या बाजूचा हिशेब मात्र फसवा आहे. समजा ब्रँडची वस्तू ७८ ला घेऊन १०० ला विकली: सुटले २२. स्टोअर ब्रँड ४९ ला घेऊन ७० ला विकला: सुटले २१. टक्केवारीत मार्जिन २२ वरून ३० वर गेलं, अहवाल झकास दिसतो, आणि गल्ल्यात एक कमी पडला. ज्या सुपरमार्केटमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी मांडलेले असतात तिथे ब्रँडचं गिऱ्हाईक स्टोअर ब्रँडकडे वळलं की प्रत्येक वेळी हा तोटा होतो. डिस्काउंटवाल्याकडे शेजारी ब्रँडच नसतो, आणि फळीच्या तेवढ्याच जागेतून माल कितीतरी वेगाने निघतो. पुरवठादाराचे पैसे ३० दिवसांनी द्यायचे असतील आणि माल दहा दिवसांत संपत असेल, तर उरलेले वीस दिवस ती रक्कम बिनव्याजी वापरायला मिळते.

आता स्टोअर ब्रँड बनतो कसा ते पाहू. आधी त्या वर्गातला आघाडीचा ब्रँड मापदंड म्हणून घेतात आणि त्याची चिरफाड करतात: चरबी किती, ओलावा किती, मुख्य घटक किती टक्के, कण केवढे. त्यावरून स्पेसिफिकेशन, म्हणजे माल नेमका कसा हवा याचं आकड्यांतलं वर्णन, लिहितात. प्रत्येक आकड्यापुढे कमी-जास्त किती चालेल तेही लिहावं लागतं. ते राहिलं तर कारखाना कायम खालच्या टोकालाच राहतो. मग दोन-तीन कारखान्यांकडून नमुने येतात आणि कुठला नमुना कुणाचा हे न सांगता त्यांची आंधळी चाचणी होते. नेहमीची पद्धत त्रिकोणी चाचणीची: तीन पेल्यांपैकी दोनांत एकच माल, तिसऱ्यात वेगळा, आणि चाखणाऱ्याने वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तिघांत एक बरोबर येतो, म्हणून ३० जणांत १० बरोबर आले तर त्याला काही अर्थ नाही. १५ किंवा जास्त आले तरच फरक खरोखर जाणवतोय असं धरतात. इथे एक चूक सर्रास होते. फरक ओळखता आला नाही म्हणजे माल तितकाच चांगला, असं मानून मोकळे होतात. आठ-दहा जणांच्या चाचणीत तर बराच मोठा फरकही निसटतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र नंतर होते, आणि ती कुणा एकाच्या माथी मारता येत नाही. दरवर्षी भाव नव्याने ठरतो. कारखाना म्हणतो, चॉकलेट बिस्किटातला कोको अर्ध्या टक्क्याने उतरवला तर मागता तो भाव जमेल. नवा नमुना गेल्या वर्षीच्या मालाशी ताडून बघतात, कुणालाच फरक कळत नाही, मंजुरी मिळते. पुढल्या वर्षी लोण्याच्या जागी थोडं वनस्पती तेल. पुन्हा गेल्या वर्षीशीच तुलना, पुन्हा मंजुरी. चार-पाच फेऱ्यांनी मूळ बिस्कीट आणि आजचं बिस्कीट यांत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं आणि विक्री का घसरतेय ते कुणालाच उमगत नाही. उपाय साधा आहे: तुलना दरवेळी मूळ स्पेसिफिकेशनशी आणि बाजारातल्या आघाडीच्या ब्रँडशी करायची, गेल्या वर्षीच्या मालाशी कधीच नाही.

पाकिटाच्या फिल्मचा घोळ लहान वाटतो, पण करार तिथेच तुटतात. छापील फिल्मची किमान ऑर्डर बहुतेकदा मालाच्या पहिल्या ऑर्डरपेक्षा मोठी असते. घटक बदलले किंवा लेबलचा नियम बदलला की उरलेले रोल रद्दी, आणि त्यावर दुकानाचं नाव असल्यामुळे ते दुसऱ्या कुणाला खपवताही येत नाहीत. त्याचे पैसे कोण भरणार हे आधीच लिहून घ्यावं.

खोक्याचंही तसंच. खोकी रचून न्यायचं लाकडी युरो पॅलेट १२०० बाय ८०० मिलिमीटरचं. खोक्याचा तळ ६०० बाय ४०० असेल तर एका थरात बरोबर चार बसतात, ४०० बाय ३०० असेल तर आठ. खोकं थोडंसं जरी पॅलेटबाहेर आलं तरी खालचे थर दबतात, कारण पुठ्ठ्याच्या खोक्याचा बहुतेक भार त्याचे कोपरे पेलतात आणि नेमके तेच अधांतरी राहतात. डिस्काउंट दुकानात माल एकेक मांडत नाहीत. खोक्याचा पुढचा भाग फाडून अख्खं खोकं फळीवर सरकवतात. ती फाडायची रेघ घट्ट झाली तर कामगार सुरी काढतो आणि आतली पाकिटं कापली जातात. सैल झाली तर खोकं ट्रकमध्येच उघडतं. बारकोडही पाकिटाच्या एकापेक्षा जास्त बाजूंना छापतात, म्हणजे गल्ल्यावर पाकीट फिरवून तो शोधावा लागत नाही.

हा सगळा खर्च कमी करणं जमलं नाही, तर नुसता भाव खाली आणून भागत नाही. टेस्को या ब्रिटिश सुपरमार्केट साखळीने १९९३ मध्ये निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा व्हॅल्यू ब्रँड काढला. अशा तळच्या पायरीचं वेष्टन मुद्दाम साधं ठेवतात, म्हणजे परवडणाऱ्या गिऱ्हाईकाने वरची पायरी सोडून खाली उतरू नये. डिस्काउंटवाल्यांनी नेमकं उलटं केलं: मधल्या दर्जाचा माल, ब्रँडसारखं देखणं वेष्टन, आणि भाव तळचा. २०१८ मध्ये टेस्कोने जॅक्स नावाची वेगळी स्वस्त दुकानं काढून पाहिली. २०२२ मध्ये ती गुंडाळली. त्याआधीच, २०२० मध्ये, ठरावीक वस्तूंवर आल्डीइतकाच भाव अशी योजना आली होती. प्रतिस्पर्ध्याचं नाव आपल्याच फळीवर छापणं हे मला तरी हार मानल्यासारखं वाटतं, पण गिऱ्हाईक टिकवण्यापुरतं ते चालतं.

खुद्द जर्मनीत वॉलमार्ट या अमेरिकन साखळीने १९९७ मध्ये पाय ठेवला आणि २००६ मध्ये दुकानं मेट्रो या जर्मन कंपनीला विकून काढता पाय घेतला. मधल्या काळात, २००० मध्ये, दूध-लोण्यासारखा माल खरेदीच्या भावाखाली विकल्याबद्दल तिथल्या स्पर्धा नियामकाने वॉलमार्टसह आल्डी आणि लिडललाही आवर घातला होता. जिथे स्वस्ताईची जागा आधीच भरलेली आहे, तिथे स्वस्ताई हेच भांडवल घेऊन येणाऱ्याला करण्यासारखं फार उरत नाही.

आल्डी आणि लिडल यांच्या आपसातल्या झुंजीत ब्रँड पुन्हा आत आले. लिडलकडे नामांकित माल आधीपासूनच जास्त. आल्डीने जर्मनीत २०१२ मध्ये कोका-कोला ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक येतं हे खरं, पण जी बाटली सगळ्याच दुकानांत तीच, तिचा भाव कुणीही क्षणात ताडून पाहतो आणि मार्जिन पार आटतं. स्टोअर ब्रँडची अशी थेट तुलना होत नाही, हीच त्याची ढाल. म्हणून वेष्टन मात्र ब्रँडच्या जितकं जवळ नेता येईल तितकं नेतात, आणि कधी रेषा ओलांडली जाते: थॅचर्स या ब्रँडच्या लिंबू सायडरसारख्या (सायडर म्हणजे सफरचंदाचं मद्य) दिसणाऱ्या डब्याबद्दल इंग्लंडच्या अपील न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये आल्डीच्या विरोधात निकाल दिला.

‘दोन्ही माल एकाच कारखान्यातून येतात’ हे पुष्कळदा खरं असतं. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत मेन्यू फूड्स या कंपनीचं पाळीव प्राण्यांचं खाद्य मेलामाइन या रसायनाच्या भेसळीमुळे परत मागवलं, तेव्हा नामांकित आणि स्टोअर ब्रँड मिळून शंभरच्या आसपास नावं एकाच यादीत निघाली. २०१३ मध्ये गोमांस म्हणून घोड्याचं मांस विकलं गेल्याचं उघड झालं, त्या प्रकरणात फाइंडस या ब्रँडचं आणि आल्डीचं लझान्या एकाच पुरवठादाराचं होतं. युरोपात दूध-मांसाच्या पाकिटावर लंबगोलात देशाचं चिन्ह आणि कारखान्याचा क्रमांक असतो. दोन पाकिटांवर तोच क्रमांक म्हणजे कारखाना एकच. पण स्पेसिफिकेशन वेगळं असू शकतं, त्यामुळे तिथे थांबू नये. वेष्टनावर ज्या घटकाचं नाव किंवा चित्र ठळक असतं त्याची टक्केवारी युरोपात घटकांच्या यादीत द्यावी लागते. ती दोन्हींवर वाचून ताडावी. आणि डबाबंद माल असेल तर निथळलेलं वजन, म्हणजे पाणी वगळून उरणारं वजन, बघावं: दोन्ही डब्यांवर ४०० ग्रॅम, पण एकात २४० ग्रॅम ऐवज आणि दुसऱ्यात २२०, तर दुसरा डबा आठ टक्क्यांहून जास्त स्वस्त असेल तरच तो खरा स्वस्त.