गुळवेल : यंदाच्या हंगामाची नोंद, सत्त्व काढण्याचा प्रयोग आणि सेवनासंबंधी सावधगिरी

कडुनिंबाच्या बुंध्याशी लावलेल्या गुळवेलीच्या छाटांपैकी बहुतेक छाट रुजले असून त्यांतील सर्वांत जोमदार वेल आता निंबाच्या पहिल्या जाड फांदीपलीकडे पोहोचली आहे. अंगठ्याएवढ्या जाडीच्या जून खोडाचे छाट कोवळ्या शेंड्यांपेक्षा लवकर धरले. पावसाळ्यात फांदीवरून सुतळीच्या धाग्यांसारखी हवाई मुळे खाली लोंबू लागली आणि त्यांतील काही मातीला टेकताच रुजलीही. निंबावर चढलेली गुळवेल औषधासाठी श्रेष्ठ मानली जाते, परंतु आधारवृक्षाचा गुण वेलीत किती उतरतो हे घरच्या बागेत ठरवता येत नाही. माझ्या दृष्टीने निंबाचा खरा उपयोग म्हणजे त्याची विरळ सावली आणि वेलीला पकड घेता येईल अशी खडबडीत साल.

या हंगामातील बराचसा वेळ ओळख पक्की करण्यात गेला आणि तो सार्थकी लागला असे मी मानतो. आपल्याकडील गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्याच कुळातील टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल पानांवरून इतकी सारखी दिसते, की केवळ हृदयाकृती पानावर विसंबून वेल घरी आणणे धोक्याचे ठरते. आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये या दोन वेलींमधील फरक जाहीर केला होता. क्रिस्पाचे खोड करड्या रंगाचे असून त्यावर ठळक गाठी असतात आणि खोड कापल्यावर दुधासारखा स्राव येतो. गुळवेलीच्या खोडावर तशा गाठी नसतात आणि दूधही येत नाही. गुळवेलीच्या फुलाला ६ पाकळ्या असतात, तर क्रिस्पाच्या फुलाला ३. गुळवेलीची फळे गोल, लाल आणि घोसाने लागतात. क्रिस्पाची फळे लांबट असतात.

माझ्या वेलीच्या खोडाची कागदासारखी पातळ साल नखाने उचलली की खाली हिरवा थर दिसतो. खोड आडवे कापून भिंगाखाली धरले असता मध्यापासून कडेपर्यंत पसरलेल्या पाचरीच्या आकाराच्या पट्ट्या दिसतात आणि बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांची आठवण होते. फळांची खूण मात्र माझ्या उपयोगी पडली नाही. गुळवेलीत नर आणि मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. माझ्याकडील वेलीवर घोसाने येणारी नर फुलेच आली आणि एकाच वेलीच्या छाटांपासून वाढवलेल्या सर्व वेली एकाच लिंगाच्या असणार, हे ओघानेच आले. ज्यांची वेल वर्षानुवर्षे फुलूनही फळत नाही, त्यांनी खतांत बदल करण्यापूर्वी फुले भिंगाखाली पाहावीत.

भाद्रपदात पानांवर डोळ्यांसारखे ठिपके असलेल्या काळपट अळ्या आढळल्या. धक्का लागताच त्या अंग आकसून वेटोळे करतात. फळांतील रस शोषणाऱ्या पतंगाच्या या अळ्या गुळवेल आणि वासनवेल यांसारख्या वेलींवर वाढतात आणि पुढे त्यांचे पतंग रात्री मोसंबी, संत्री, डाळिंब अशा फळांना सोंड खुपसून रस शोषतात. त्यामुळेच अशा फळबागांच्या परिसरातील गुळवेल काढून टाकण्याचा सल्ला बागायतदारांना दिला जातो. शेजारी मोसंबीची बाग असलेल्या छंदिष्टांनी वेल लावण्यापूर्वी शेजाऱ्याशी बोलून घेणे शहाणपणाचे ठरेल. माझ्याकडील अळ्या मी हाताने वेचल्या. औषधासाठी वाढवलेल्या वेलीवर कीटकनाशक फवारणे मला पटत नाही.

सत्त्व काढण्यासाठी जून, ओली खोडे घेतली. ती धुऊन, वरची साल खरवडून, बोटभर लांबीचे तुकडे करून ठेचली आणि रात्रभर पाण्यात भिजत ठेवली. सकाळी ती त्याच पाण्यात हाताने चांगली कुस्करली, तेव्हा पाणी बुळबुळीत झाले आणि त्यावर भरपूर फेस आला. चोथा पिळून काढला, पाणी फडक्यातून गाळले आणि भांडे न हलवता ठेवले. तळाशी बसलेला साका वरचे पाणी हलकेच ओतून वेगळा केला आणि सावलीत वाळवला. टोपलीभर खोडांतून हाती येणारे सत्त्व वाटीच्या तळाशी जेमतेम पसरेल इतकेच असते, हे नव्याने प्रयोग करणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावे.

हे सत्त्व मुख्यतः पिष्टमय असते. पुन्हा पुन्हा धुतल्यास ते पांढरेशुभ्र होते खरे, परंतु त्याचा कडवटपणाही पाण्याबरोबर निघून जातो. म्हणून मी एकदाच धुतले आणि किंचित मळकट रंग तसाच राहू दिला. आयोडीनचा थेंब टाकताच सत्त्व निळे होते, मात्र बटाट्याचे पिष्टही तसेच निळे होत असल्याने विकतच्या सत्त्वातील भेसळ या कसोटीने पकडता येत नाही.

आता सेवनाविषयी. आयुर्वेदात गुळवेल ज्वरावर आणि रसायन, म्हणजे शक्तिवर्धक औषध म्हणून वापरली जाते. चरकाने मेध्य (बुद्धिवर्धक) रसायनांत तिच्या रसाचा समावेश केला आहे, तर संशमनी वटी आणि अमृतारिष्ट हे तिचे परिचित औषधी कल्प होत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या प्रतिकारशक्तीवरील परिणामाचा अभ्यास केला आणि १९९३ मध्ये, पित्तमार्गातील अडथळ्यामुळे कावीळ झालेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेच्या जोडीने गुळवेल दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. हे रुग्ण २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या, म्हणजे करोनाच्या भीतीने घरोघरी काढे उकळले जात असतानाच्या काळातील होते. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील अशाच ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यांतील ज्यांना आधीपासून यकृताचा जुनाट विकार होता, त्यांची स्थिती अधिक गंभीर झाली.

आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला आणि चुकीच्या वेलीकडे बोट दाखवले. चुकीची वेल ही शक्यता खरीच आहे, आणि म्हणूनच वर ओळखीवर इतके लिहिले. परंतु केवळ ओळख पटल्याने प्रश्न सुटतो असे मला वाटत नाही. प्रतिकारशक्तीला चालना देणारी वनस्पती, ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या यकृतावर उलटू पाहत आहे अशा माणसाला बाधू शकते, हे कारण तर्काला धरून आहे आणि तेथे वेल अस्सल असणे कामी येत नाही. ४३ रुग्णांच्या अभ्यासात सेवन सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता, त्यामुळे आठवडाभर काही झाले नाही म्हणून निर्धास्त राहणेही योग्य नाही.

यकृताचा विकार, आमवातासारखे (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस) स्वयंप्रतिकार आजार किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे असलेल्यांनी, तसेच गर्भवती व स्तनदा मातांनी ही वेल स्वतःच्या मनाने घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्यास साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. सेवनकाळात लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अंगाला खाज सुटणे किंवा अन्नावरची वासना उडणे यांपैकी काहीही जाणवल्यास सेवन तत्काळ थांबवून यकृताची तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांना गुळवेलीविषयी न विसरता सांगावे. आयुर्वेदिक औषधिकोशात काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम आणि चूर्णासाठी ३ ते ६ ग्रॅम असे प्रमाण दिले आहे, परंतु ते वैद्याच्या देखरेखीखालील उपचारांसाठी आहे. महिनोन्‌महिने रोज सकाळी पेलाभर रस पिण्याला त्याचा आधार घेता येणार नाही. माझ्याकडील सत्त्व मागणाऱ्या परिचितांना मी ते देत नाही; छाट हवे असल्यास आनंदाने देतो.

पुढील पावसाळ्यापूर्वी फळे धरलेल्या मादी वेलीवरून खात्रीने छाट मिळवणे आणि ते नर वेलीजवळच, परंतु वेगळ्या आधारावर चढवणे हे काम हाती घ्यायचे आहे. फळे धरल्यास बियांपासून उगवलेली रोपे आणि छाटांच्या वेली यांच्या वाढीची तुलना पुढील नोंदीत देईन. ज्यांच्याकडे मादी वेल आहे, त्यांनी तिच्या फुलांचा काळ टिपून ठेवल्यास मोठी मदत होईल.