बोळ्यावरची भुवई

"ताई, भुवई गेली!"

हातातला चिमटा मी तसाच खाली ठेवला. प्रकाशटेबलावर मरियेचा चेहरा होता, 1870च्या दशकात इंग्लंडहून मुंबईला आलेल्या रंगीत काचचित्राच्या खिडकीतला. शिकाऊ मुलीच्या हातातल्या कापसाच्या बोळ्यावर एक बारीक तपकिरी रेघ उमटली होती. तिनं नुसतं शुद्ध पाणी लावलं होतं. चूक तिची नव्हती, माझी होती. चाचणी मी निळ्या वस्त्राच्या काचेवर केली होती. चेहऱ्यावर वेगळी करायला हवी होती.

काचचित्रावरच्या रेषांचा रंग म्हणजे काचेची पूड आणि लोखंडाचा ऑक्साइड. भट्टीत नीट भाजला गेला, की शतकानुशतकं टिकतो. पण 1860-70च्या सुमारास इंग्लंडमधल्या बऱ्याच कार्यशाळांनी त्यात टाकणखार घातला, आपले सोनार डाख देताना वापरतात तोच. रंग कमी आचेवर वितळू लागला, पण टाकणखारामुळे तो पाण्याला कच्चा राहिला. तिकडच्या दमट हवेतही चेहरे पुसट झाले. नामवंत इंग्रज डिझायनर विल्यम मॉरिसच्या कंपनीच्या खिडक्याही यातून सुटल्या नाहीत. आमच्या काचेनं तर मुंबईचे जवळपास दीडशे पावसाळे काढले होते.

त्या काळी कामाचा रेटाही जबरदस्त होता. न्यूकॅसलचा विल्यम वेल्स मूळचा किराणा आणि चहाचा व्यापारी. 1838मध्ये त्यानं काचचित्रांची कार्यशाळा काढली आणि 1851पर्यंत त्याच्याकडे 76 माणसं कामाला होती. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधली काचचित्रं त्याचीच. अशा कार्यशाळांत एक जण काच कापायचा, दुसरा रंगवायचा, तिसरा शिशाच्या पट्ट्यांत बसवायचा. चेहरे मात्र कसलेल्या हाताकडेच जायचे. खिडकी ओळखली जाते कार्यशाळेच्या नावानं; ही भुवई कुणाच्या हातची, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणूनच मूळ काचेवर आम्ही कुंचला टेकवला नाही. दिवा आडवा धरला, तर उतरलेल्या रंगाची फिकट खूण काचेवर दिसते. तिच्यावरून भुवई कागदावर उतरवून घेतली. पुढच्या आठवड्यात ती पातळ कोऱ्या काचेवर रंगवून भाजली आणि ती काच मूळ काचेच्या मागे, त्याच शिशाच्या पट्टीत बसवली. उद्या कुणाला काढावीशी वाटली, तर मूळ काचेला धक्का न लावता निघेल.

बोळा तिनं टाकला नाही. डबीत ठेवून वर चिठ्ठी लावली: तारीख, खिडकीचा क्रमांक, 'डावी भुवई'.