आपल्या गल्लीत स्पीडब्रेकर का नाही?

गल्लीत कुणी नवीन राहायला आलं की महिन्याभरात हा प्रश्न येतोच. कधी दुधाची पिशवी घेताना, कधी गणपतीच्या वर्गणीच्या वेळी. परवा तर जिन्यात गाठून, "काकू, तुम्ही नागरिक संघात आहात ना? मग एवढा एक स्पीडब्रेकर का नाही करून घेत?" तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. जिन्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाही.

आपली गल्ली प्रभात रस्ता आणि लॉ कॉलेज रस्ता यांच्या मधली. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली, तिच्यावरून रस्त्याला नाव पडलं. गल्लीतले जुने बंगले बांधले गेले तेव्हा मोटार दिसली तर पोरं मागे धावायची, असं सासूबाई सांगायच्या. आता लॉ कॉलेज रस्ता तुंबला की मोबाइलमधला नकाशा सगळ्यांना आपल्या गल्लीत वळवतो. संध्याकाळी फाटकाबाहेर पाय टाकण्याआधी कासवासारखी मान बाहेर काढून बघावं लागतं. तेव्हा तुमचं दुखणं खरं आहे, त्यात वादच नाही.

पण स्पीडब्रेकर आपल्याकडे एकदा झालेला आहे. शेजारच्या रस्त्याचं डांबर उरलं म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी एका रात्रीत घातला. त्यांना कुणी सांगितलं ते आजतागायत कळलेलं नाही. आम्ही खूश. सकाळी जाऊन पाहिला तर वीतभर उंच, हातभर रुंद, ना पांढरे पट्टे ना पाटी. तिसऱ्याच दिवशी समोरच्या आजोबांची स्कूटर त्यावरून उडाली आणि त्यांचं मनगट मोडलं. बाकीचे दुचाकीवाले शहाणे. पाणी जायला कडेला जी फट ठेवली होती तिच्यातून, म्हणजे नेमके चालणाऱ्यांच्या पायांतून जायला लागले. रात्री रिकामा टेम्पो गेला की आमच्या कपाटातल्या बश्या वाजायच्या.

तेव्हा पहिल्यांदा, रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे नियम वाचले. गोल पाठीचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, ताशी २५ किलोमीटरने गाडी त्यावरून नीट जावी, असा त्यांत हिशोब होता. उंची चार-पाच बोटं आणि रुंदी जवळजवळ एका छोट्या मोटारीच्या लांबीएवढी! आपण ज्याला स्पीडब्रेकर म्हणतो तो बहुतेक वेळा नुसता दगा असतो.

तो काढायला अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा स्मरणपत्र. पथ विभाग म्हणे वाहतूक पोलिसांना विचारा, पोलीस म्हणे पथ विभागाला. शेवटी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहितीच्या अधिकारात विचारलं, हा कुणाच्या परवानगीने घातला? उत्तर आलं, "सदर बाबीची नोंद या कार्यालयात आढळून येत नाही." त्यानंतर आठवड्याभरात तो उखडला गेला. कागदावर जो नव्हताच, तो काढायला सही कुणाची लागणार?

आता वळणावरच्या पर्जन्यवृक्षाकडे येते. बुंधा दोन फूट रस्त्यात आलाय म्हणून तुमच्या इमारतीचं काम निघालं तेव्हा त्यावर तोडणीची नोटीस लागली. कारण, रहदारीला अडथळा. नोटीसही खिळा ठोकून लावलेली! वृक्षतोडीचा कायदा १९७५ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारशाचा दर्जा आला, आणि झाड तोडलंच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावणं आलं. पण वय सिद्ध कसं करायचं? झाडाला काही जन्मदाखला नसतो.

ते सापडलं एका मुंजीच्या आल्बममध्ये. १९६४ सालचा काळा-पांढरा फोटो. भिक्षावळीला निघालेला बटू, डोक्याचा चकोट, कानात भिकबाळी, कपाळावर आठ्या, आणि त्याच्या पाठीमागे आपलं झाड. बुंधा तेव्हाच एका माणसाच्या कवेत मावला नसता. तो बटू आता आजोबा झालाय. फोटो घेऊन स्वतः सुनावणीला आला, आणि साहेबांनी आधी त्याच्या टकलाकडे पाहिलं, मग फोटोकडे. झाड राहिलं. तुमच्या इमारतीचं फाटक चार फूट सरकलं, आणि त्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

बुंध्याभोवतीचं सिमेंट आम्ही फोडून घेतलं. हौसेने तिथे लॉन लावली, ती सावलीत पिवळी पडून मेली. फुलझाडांचंही तेच. आता पडलेला पाला तसाच राहू देतो आणि झाडणाऱ्या मावशींना सांगितलंय की तिथला उचलू नका. हिवाळ्यानंतर शेंगा गाड्यांच्या टपावर चिकटतात ही तक्रार खरी आहे. तिच्यावर माझ्याकडे ओल्या फडक्याशिवाय उपाय नाही.

हे सगळं झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली, ती खरं तर तुमच्यासारख्यांमुळेच. कट्ट्यावर बसलं की दिसतं, सुसाट आलेली गाडी झाडापाशी येते आणि ब्रेकवर पाय पडतो. पुढचं दिसत नाही, रस्ता अरुंद झालेला असतो. ना बश्या वाजतात, ना मनगट मोडतं. झाडाच्या पुढे रस्ता सरळ आणि गुळगुळीत, तिथे मात्र पुन्हा तेच.

म्हणून संघाने स्पीडब्रेकर मागणं सोडलंय. आमची मागणी आहे की गल्लीच्या तोंडाशी पदपथ रुंद करा, म्हणजे वळताना गाडीला हळू व्हावंच लागेल, आणि वाढलेल्या जागेत दोन झाडं लावा. महापालिकेची स्वतःची रस्तारचनेची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ ची आहेत. जंगली महाराज रस्त्यावर त्या धर्तीचं काम झालेलंही आहे, जाऊन बघा. यात चार गाड्यांचं पार्किंग जाईल. त्यातली एक तुमची, हे मला ठाऊक आहे.

पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा आणि पोच घ्यायची. शिक्का आणि आवक क्रमांक पाहिल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. अर्ज तयार आहे, सह्या कमी पडताहेत. मी रविवारी संध्याकाळी वर येते. लिफ्ट बंद असेल तर तुम्हीच खाली या.