चालायचंच

ती आली ती जांघेतल्या दुखण्यासाठी. गरोदरपणाचा एकतिसावा आठवडा, दुसरी खेप. "कूस बदलताना जीव जातो हो मॅडम. कपडे घालताना एका पायावर उभं राहता येत नाही."

मी फिजिओथेरपिस्ट, आणि गरोदर बायकांच्या कुरबुरी हा माझा रोजचा धंदा. त्या सकाळी आधीच तिघी होऊन गेल्या होत्या. एकीला पहाटे बोटांना मुंग्या येत होत्या, कारण अंगात पाणी साठलं की मनगटातली नस दाबली जाते. एकीची कंबर धरली होती. तिसरीला उठता-बसता ओटीपोटाच्या कडेला चमक यायची. गर्भाशयाला धरून ठेवणारे दोर ताणले जातात, त्याची ती चमक. तिघींनाही मी म्हटलं होतं, "या दिवसांत चालायचंच."

हिचं दुखणंही सरळ होतं. कमरेची दोन हाडं पुढे जिथे जुळतात, तिथे बोट ठेवताच ती कळवळली. आमच्यात याचं सगळं खापर सांधे सैल करणाऱ्या रिलॅक्सिन या संप्रेरकावर फोडायची पद्धत आहे. खरं तर ते जास्त असलेल्यांचंच जास्त दुखतं असं ठामपणे दिसलेलं नाही. पण सांगायला सोपं पडतं, मीही सांगते. कूस बदलताना गुडघे जुळवून घ्यायचे, मध्ये उशी, कपडे बसून घालायचे. हे सगळं करून दाखवलं आणि ती उठली.

सँडल घालताना माझं लक्ष गेलं. उजवीचा पट्टा मधल्या भोकात, डावीचा शेवटच्या. तरी कातडीत रुतलेला.

"डावा पाय कधीपासून सुजलाय?"

"आठवडा झाला असेल. फोन केला होता ना मी, पोटरी दुखतेय म्हणून? तुम्ही म्हणालात, गोळे येतात, ताण द्या. देतेय रोज."

केला होता फोन. दोन पेशंटच्या मधल्या वेळात घेतला होता मी तो. एक पाय की दोन्ही, हे विचारलं नव्हतं. गोळा बहुतेक रात्री येतो, पोटरी दगडासारखी होते आणि काही मिनिटांत सुटते. हिची पोटरी दिवसभर ठणकत होती, आणि तेही मी विचारलं नव्हतं.

तिला परत बसवलं, टेप काढली. गुडघ्याखालच्या उंचवट्यापासून 10 सेंटीमीटर खाली, उजवी पोटरी 34, डावी साडेसदतीस. पुन्हा मोजलं. तेवढीच. दम लागतो का, छातीत दुखतं का? नाही म्हणाली. पोटरीला मी पुन्हा हात लावला नाही. चोळणं, ताणणं सगळं बंद. व्हीलचेअर मागवली आणि वरच्या मजल्यावर डॉक्टरांना फोन केला.

डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, मांडीच्या शिरेत रक्ताची गुठळी दिसली. बाळंतपणात रक्त फार जाऊ नये म्हणून या काळात ते एरवीपेक्षा लवकर गोठतं. डाव्या पायाची शीर पोटात उजव्या बाजूच्या धमनीखालून जाते, त्यात वाढत्या गर्भाशयाचा भार. म्हणून गरोदरपणात गुठळी बहुतेक डावीकडेच धरते. तिथून सुटून ती फुफ्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं. गुठळी वाढू न देणारं हेपरिन वारेतून बाळाकडे जात नाही, ती इंजेक्शनं त्याच संध्याकाळी सुरू झाली.

मी वर जाऊन तिला सांगितलं, फोनवर नीट विचारायला हवं होतं, माझी चूक झाली. ती बघत राहिली. नवरा म्हणाला, "असू दे मॅडम." ती काही म्हणाली नाही.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. इंजेक्शन आता स्वतःच टोचून घेते म्हणाली, सूज बरीच उतरलीय. मी खुर्चीत बसून, दार लावून ऐकत होते.

"ते सगळं ठीक आहे मॅडम. पण कूस बदलताना अजून दुखतं, त्याचं काय करायचं?"