जन्माआधीच कामाला लागलेली ग्रंथी

अ‍ॅड्रिनल (मूत्रपिंडावरची छोटी ग्रंथी) म्हटलं की पोरं लगेच 'भीती, धडधड, पळापळ' सांगून मोकळी होतात. परीक्षेला तेवढं पुरतं. मला मात्र ही ग्रंथी पोटातल्या बाळात काय करते, ते शिकवायला जास्त आवडतं.

प्रात्यक्षिकासाठी बोकडाची ग्रंथी सोलापुरात सहज मिळते. विजापूर वेशीकडचा आमचा नेहमीचा खाटीक विचारतो, "मॅडम, गुर्द्याजवळची गाठ ना? चरबीसकट देऊ?" ताजी गाठ मधोमध चिरली की बाहेर तांबूस-तपकिरी कड आणि आत फिकट गाभा दिसतो. पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात टाकली की गाभा गडद तपकिरी होत जातो. ही अ‍ॅड्रिनलीनची खूण. मुलं तिथे हमखास गप्प होऊन बघतात.

कड आणि गाभा यांचं मूळच वेगळं. कड गर्भाच्या मधल्या थरातून, म्हणजे मध्यस्तरातून येते. अंडाशय किंवा वृषण ज्या पट्ट्यातून घडतात, तिथूनच. गाभ्याच्या पेशी चेतासंस्थेच्या घराण्यातल्या, त्या लांबून सरकत आत शिरतात. उंदरांत त्यातल्या बऱ्याचशा नसांच्या कडेकडेने येतात, हे 2017 साली दाखवलं गेलं.

माणसाच्या गर्भात या कडेचा बहुतेक भाग तात्पुरता असतो. त्यातून निघालेल्या द्रव्यापासून वार (प्लासेंटा) इस्ट्रोजेन बनवते, म्हणजे आईच्या रक्तातल्या इस्ट्रोजेनमध्ये बाळाचाही वाटा. जन्मताना ही ग्रंथी मूत्रपिंडाच्या सुमारे एक तृतीयांश असते! मग काही महिन्यांत तो भाग विरून जातो.

मेंढीत तर प्रसूतीची वेळच कोकराच्या अ‍ॅड्रिनलवर ठरते. न्यूझीलंडच्या ग्रॅहम लिगिन्स यांनी पोटातल्या कोकरांना कॉर्टिसॉलसारखी (कॉर्टिसॉल म्हणजे याच ग्रंथीच्या कडेतून निघणारं संप्रेरक) औषधं दिली, तेव्हा ती दिवस भरण्याआधीच जन्मली. माणसात प्रसूतीचं गणित इतकं सरळ नाही. पण लिगिन्स यांच्या त्या कोकरांतलं एखादं, जगायला नको इतकं अपुऱ्या दिवसांचं, चक्क श्वास घेत होतं. कॉर्टिसॉलने फुप्फुसं लवकर तयार केली होती. 1972 मध्ये लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी हेच मातांवर तपासून प्रसिद्ध केलं.

माझ्या भाचीला अपुऱ्या दिवसांत कळा सुरू झाल्या, तेव्हा डेक्सामेथासोन या कॉर्टिसॉलसारख्याच औषधाची चार इंजेक्शनं दिली, दर बारा तासांनी एक. वहिनी घाबरून म्हणाली, "ताई, बाळाचं औषध आईला कशाला टोचतात?" मी तिला सांगितलं, आईचं स्वतःचं कॉर्टिसॉल वार बरंचसं निकामी करून टाकते, म्हणून ते बाळापर्यंत पुरेसं पोचत नाही. हे औषध त्यातून निसटून पोचतं. बाळाच्या अ‍ॅड्रिनलला शेवटच्या आठवड्यांत जे करायचं होतं, ते आधी करून घ्यायला.