'आमच्याकडे तर बरोबर चालतंय'

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्यांच्या शंका जिथे येतात, तिथल्या चर्चेवर मी देखरेख करतो. पगार नाही, बोलणी मात्र दोन्ही बाजूंची खायची. लोकांना वाटतं, दिवसभर भांडणं सोडवत असेल. प्रत्यक्षात बराचसा वेळ 'कोडचा फोटो नको, कोड चिकटवा' हे सांगण्यात जातो.

त्या दिवशी माझ्याकडे तक्रार आली ती प्रश्न विचारणाराच उद्धट आहे म्हणून. चर्चा बंद करा, अशी मागणी. वाचायला घेतलं. स्पर्धकांच्या यादीत दोनदा आलेली नावं गाळायला त्याने सेट, म्हणजे एकच गोष्ट दोनदा न ठेवणारा साठा, वापरला होता आणि मग जोड्या लावल्या होत्या. यादी तीच, प्रोग्राम तोच, जोड्या मात्र दर वेळी वेगळ्या. आमच्या नियमाप्रमाणे त्याला सांगितलं गेलं : छोटं उदाहरण द्या, लोकांची खरी नावं नकोत. बिचाऱ्याने नावांच्या जागी १, २, ३ घातले. मग काय, 'आमच्याकडे तर बरोबर चालतंय' सुरू झालं. एका जुन्याजाणत्याने 'आधी स्वतःचा कोड वाचायला शिका' असं सुनावलं. या माणसाचं ज्ञान दांडगं, पण नवखे पळतात ते अशांमुळेच. 'मी खोटं बोलतोय का?' हा प्रश्नकर्त्याचा उद्धटपणा.

मेख आकड्यांत होती. पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, स्ट्रिंगचा, म्हणजे मजकुराचा, हॅश (मजकुरावरून काढलेला आकडा, ज्यावरून सेटमधली जागा ठरते) प्रोग्राम नव्याने सुरू झाला की बदलतो, आणि तो मुद्दाम बदलला जातो. सारखाच हॅश येणाऱ्या शब्दांचा मारा करून सर्व्हर ठप्प करता येत होता, त्यावरचा हा उपाय. पूर्णांकांना तो लागू नाही. त्यामुळे १, २, ३ चा सेट दर वेळी त्याच क्रमाने छापला जातो. त्यात डिक्शनरी, म्हणजे किल्ली आणि तिची किंमत अशा नोंदींचा साठा, ३.७ पासून घातलेला क्रम राखते, म्हणून सेटही राखत असेल असा सर्रास समज. नोटबुकमध्ये, म्हणजे कोड तुकड्यातुकड्याने चालवायच्या पानावर, तपासणाऱ्यांना तर नावं घालूनही फरक दिसला नसता, कारण तिथे पायथन एकदा सुरू झालं की तेच चालू राहतं.

मी टर्मिनलवर, दर वेळी पायथन नव्याने सुरू करून, 'लाल', 'निळा', 'हिरवा' यांचा सेट छापला. आधी निळा पुढे, पुन्हा चालवल्यावर हिरवा. हॅशचं बीज, म्हणजे तो ज्यावरून बदलतो तो आकडा, शून्यावर बांधलं, तर क्रम जागचा हलेना. सेटऐवजी डिक्शनरीच्या किल्ल्या वापरा, असं त्याला कळवलं आणि तो टोमणा काढून टाकला.

जुनेजाणते नाराज आहेत. दिलेलं उदाहरण त्याने स्वतः चालवून पाहायला हवं होतं, हे त्यांचं म्हणणं चूक नाही. पण प्रश्नाच्या पहिल्याच ओळीत 'नावं' लिहिलेलं होतं, ते एकानेही वाचलं नव्हतं. नियमात 'शब्दांच्या जागी शब्दच घाला' एवढीच ओळ वाढवू, असं मी सुचवलंय. असे अपवाद घालत बसलो तर नियम कोण वाचणार, असा त्यांचा सवाल आहे, आणि त्यावर माझ्याकडे अजून तरी उत्तर नाही.